गोदूबाईची भट्टी

गोदूबाईचं माहेर कापड्याचं. पोलादपूरहून महाबळेश्वरच्या घाटाकडे निघालं की हे कापडे गाव लागतं. पुढे तिचं आयुष्य कापडं धुण्यात गेलं, तेव्हा महाडातले लोक गावाच्या नावावरून तिची चेष्टा करत आणि तीही हसून म्हणे, "बापाने गाव बघूनच जन्माला घातली." पण खरं पाहता तिच्या माहेरी किंवा सासरी दुसऱ्याचं कापड कुणी कधी धुतलं नव्हतं. माहेर शेतकऱ्याचं, डोंगरउतारावर नाचणी-वरी आणि खाली ओढ्याकाठी भात. सासर तुडीलचं, सावित्रीच्या काठाला खाचरं असलेलं. घरात दोन भाऊ. थोरला गोमाजी शेती बघायचा आणि धाकटा मालोजी, म्हणजे गोदूबाईचा नवरा, महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनाच्या कारखान्यात पाळीवर जायचा.

मुलगी समीक्षा मोठ्या शाळेत जायची झाली तेव्हा मालोजीने महाडात काकरतळ्याजवळ एक खोली भाड्याने घेतली. नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. नवरा पाळीवर, मुलगी शाळेत, आणि खाचरात गुडघाभर चिखलात राबलेल्या बाईला एका खोलीत काम ते किती असणार! तिला दिवस खायला उठे. शेजारणीने सांगितलं, डॉक्टर कालिंदीबाईंच्या प्रसूतिगृहात आया पाहिजे आहे. गोदूबाई दुसऱ्या दिवशी जाऊन उभी राहिली आणि लागलीच कामाला लागली.

कालिंदीबाई पुण्यात शिकून महाडात आलेल्या. दवाखाना लहान, पण पोलादपूरच्या डोंगरापासून दासगावपर्यंतच्या बाळंतिणी तिथे येत. बाई बोलायला मऊ होत्या, कामात मात्र कडक. गोदूबाईला त्या आवडल्या. बाळंतिणीला कूस बदलून देणं, बाळाला पुसून गुंडाळणं, फरशी फिनेलने पुसणं ही कामं ती मन लावून करी.

दवाखान्याच्या चादरी, दुपटी, ऑपरेशनचे हिरवे कपडे धुण्याचं काम भिकाजी परटाकडे होतं. सायकलच्या कॅरिअरला गाठोडं बांधून तो गांधारी नदीवर जाई. त्याचे गुडघे गेले, दोन्ही मुलगे मुंबईला नोकरीला लागलेले, त्यांना हे काम नको होतं. एके दिवशी भिकाजी गाठोडं न उचलता पायरीवर बसला आणि म्हणाला, "बाई, आता नदीवर बसलो की उठवत नाय. दुसरा कुणी बघा."

दुसरा कुणी मिळेना. बाजारातले लाँड्रीवाले शर्ट-पँट घेत, पण रक्ताने माखलेल्या चादरी म्हटलं की हात जोडत. कालिंदीबाईंनी घरची वॉशिंग मशीन दवाखान्यात आणून पाहिली, तिने आठवड्यात मान टाकली. मळकं कापड मागच्या पडवीत साचायला लागलं. एका संध्याकाळी बाईंनी गोदूबाईला विचारलं, "तुमच्या ओळखीत कुणी आहे का हो, हे काम करील असं?"

गोदूबाईने बघते म्हणून सांगितलं आणि घरी आली. मालोजीला वाढता वाढता म्हणाली, "मी धुतलं तर?"

"काय?"

"हास्पिटलचं कापड."

मालोजीचा घास हातात राहिला. "बाळंतिणीचं?"

"हं. आपरेशनचंबी."

"दादाला कोण सांगणार?"

"तुमी सांगा."

"मी नाय सांगत बाबा," मालोजी म्हणाला. मग घास तोंडात टाकून, चावून झाल्यावर बोलला, "तुला करायचं तर कर. मी आड येत नाय. माझ्या अंगाला रोज कसल्या कसल्या रसायनाचा वास येतो. तू कधी नाक मुरडलंस?"

एवढंच बोलणं झालं आणि ठरलं.

शिकवलं भिकाजीनेच. दस्तुरी नाक्याच्या पुढे एक पडीक शेड होती, तिथे विहीर होती. कालिंदीबाईंनी ती भाड्याने घेऊन दिली. भिकाजी स्टुलावर बसून सांगे आणि गोदूबाई करी. रक्ताचा डाग असला तर आधी गार पाणी, कारण गरम लावलं की रक्त शिजून धाग्यात बसतं आणि मग बापजन्मी निघत नाही. गार पाण्यात डाग सोडवायचा आणि मग भट्टी लावायची. भट्टी म्हणजे मोठ्या हंड्यात धुण्याचा सोडा घालून कापड उकळायचं. "खळखळ उकळी येऊन ती टिकली पाहिजे. वाफ आली म्हणजे झालं, असं नाय," भिकाजी सांगे. त्यात कालिंदीबाईंनी भर घातली ती ब्लिचिंग पावडरच्या पाण्याची, रबराच्या हातमोज्यांची आणि गमबुटांची. मळकी चादर फडकावायची नाही, हेही त्यांनीच शिकवलं. भिकाजीची उभ्या जन्माची सवय चादर आधी झटकायची. त्याला ते पटायला वेळ लागला. "झटकल्याने मळ जातो," तो म्हणे. "जातो, पण कुठे जातो? तुमच्या नाकात," बाई म्हणत, आणि म्हातारा मिशीत हसे.

एक गोष्ट गोदूबाईने आपल्या मनाने ठरवली. नदीवर जायचं नाही. कारण सरळ होतं. महाडात गांधारीला सोडलेलं पाणी सावित्रीत मिसळून खाली तुडीलवरून जातं आणि तिच्याच घरच्या म्हशी तिथे पाण्यात बसतात. तिने शेडच्या मागे, विहिरीपासून लांब, दगडगोट्यांचा शोषखड्डा करून घेतला. मालोजीने सुट्टीच्या दिवशी तो स्वतः खणला.

पहिल्याच उन्हाळ्यात एक गंमत झाली. एक हवालदार मोटरसायकलवरून उतरला आणि काठी आपटत आत आला.

"इथं भट्टी चालते असं कळलंय."

"चालते की," गोदूबाई म्हणाली. "रोज चालते."

"रोज? आणि तोंडावर सांगता?"

"लपवायचं काय त्यात? डॉक्टरबाईंनीच लावायला सांगितली."

हवालदार चक्रावला. त्याने पुढे होऊन हंड्यावरचं झाकण उचललं आणि सोड्याच्या उग्र वाफेने त्याचं तोंड भरून गेलं. आत दारू नव्हती, दुपटी उकळत होती. कोपऱ्यात बसलेला भिकाजी हसून हसून खोकायला लागला. हवालदारही मग ओशाळं हसला, चहा प्यायला आणि जाता जाता म्हणाला, "एवढं चांगलं धुता तर माझ्या वर्दीलाही एक हात मारा." गोदूबाईने नम्रपणे नकार दिला. "ह्या हंड्यात फकत हास्पिटलचं. दुसऱ्याचं आलं की मिसळामिसळ होते." तो रागावला नाही. पुढे त्याची सूनही कालिंदीबाईंकडेच बाळंत झाली.

गावाने मात्र हे हसण्यावारी नेलं नाही. त्या वर्षी गणपतीला सगळे तुडीलला जमले. गोदूबाई पदर खोचून मोदकाच्या उकडीला बसायला गेली, तर ओटीवरून गोमाजीचा आवाज आला. तो धाकट्या भावजयीशी थेट बोलत नसे. भावालाच म्हणाला, "मालू, नैवेद्याला तिचा हात नको. रोज लोकांचा विटाळ धुते. देवाचं घर हाय."

स्वयंपाकघरात सगळ्या बायकांचे हात थांबले. मालोजीच्या चेहऱ्यावर राग चढला, पण सणाच्या दिवशी थोरल्या भावाला काय बोलणार? गोदूबाई उठली. मागच्या दारी जाऊन नारळ सोलत बसली. तिला रडू आलं नाही. वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. ती हात किती वेळा, किती चोळून धुते, हे घरात कुणाला ठाऊकच नव्हतं. थोरली जाऊ थोड्या वेळाने ताटात दोन मोदक घेऊन आली आणि शेजारी बसली. तेवढ्यावर गोदूबाईचा सण गोड झाला.

काम वाढलं. आणखी दोन दवाखाने आले, पोलादपूरहून एका डॉक्टरचं गाठोडं एस.टी.ने यायला लागलं. गोदूबाईने जोडीला दासगावची सुंदराबाई घेतली. नवऱ्यामागे एकटीने घर चालवणारी, हाताने चपळ, तोंडाने त्याहून चपळ. धुणं गोदूबाईचं आणि वाळवणं, इस्त्री, घड्या सुंदराबाईच्या. लहान बाळांच्या लंगोटांची आणि झबल्यांची ती अशी घडी घाली की वाटावं दुकानातून आलीत.

आणि मग तो पावसाळा आला.

महाडात पाऊस लागला की महिनाभर सूर्य दिसत नाही. कापड दोरीवर टांगलं तर चार दिवस दमटच. शेडमध्ये शेगड्या पेटवून, वर दोऱ्या बांधून दोघी वाळवत. त्याच दिवसांत कालिंदीबाईंकडच्या काही बाळांच्या अंगावर पुवाच्या पुटकुळ्या उठल्या, मानेला, जांघेत, काखेत. एका बाळाला ताप चढला. त्याचा बाप पायरीवर उभा राहून ओरडला, "शेतातल्या बायांना धुवायला दिलंत! जातीचा परीट असता तर हे झालं नसतं."

हे भिकाजीच्या कानावर गेलं. म्हातारा काठी टेकत दवाखान्यात आला आणि त्या बापाला म्हणाला, "मी जातीचाच परीट हाय. माझ्या हातनंबी पावसात कापड दमट जायचं, बाबा. तवा कुणी बघायला येत नव्हतं, एवढंच."

गोदूबाईला दोन दिवस अन्न गेलं नाही. तिने हंडा घासून पालथा घातला आणि कालिंदीबाईंपुढे जाऊन उभी राहिली. "बाई, मी सोडते. माझ्या हातनं लेकरांना काय व्हायला नको."

कालिंदीबाई खुर्चीवरून उठल्या. "दोष कुणाचा ते मागाहून बघू," त्या म्हणाल्या. "कदाचित माझाही निघेल. आधी हे थांबवायचं आहे आणि त्यासाठी मला तुम्ही पाहिजे आहात. चला, तुमच्या शेडवर जाऊ."

बाई साडी खोचून शेडमध्ये आल्या. मळकं गाठोडं दारातून येतं तिथपासून धुतलेली चादर परत खाटेवर जाते तिथपर्यंत दोघी एकेका पावलाने फिरल्या. आणि सापडत गेलं. उकळीत खोट नव्हती. पण ज्या हातगाडीवर मळकं यायचं तिच्यावरच धुतलेलं परत जायचं. इतकंच काय, गाठोडं बांधायचं फडकंही तेच. ते फडकं धुवायचं कधी कुणाला सुचलंच नव्हतं. "अगो बाय!" गोदूबाईने कपाळावर हात मारला. "गंगेत न्हाऊन उकिरड्यावर बसायचं झालं हे." दवाखान्यातही सगळं ठीक नव्हतं. धुतलेल्या दुपट्यांची चळत जखमांच्या पट्ट्या बदलायच्या टेबलाशेजारी उघडीच असायची. ते बघून कालिंदीबाई नर्सला काही बोलल्या नाहीत. "ही जागा मीच ठरवली होती," एवढंच म्हणाल्या आणि दाराचं कपाट मागवलं.

दुसरी हातगाडी आली. मळक्याला पिवळं फडकं, धुतलेल्याला पांढरं. पांढरं रोज उकळायचं. कापड हाताला पूर्ण कोरडं लागल्याशिवाय घडी नाही. पुटकुळ्या थांबल्या. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि परत एका बाळाच्या मानेवर पुवाचा फोड आला.

कालिंदीबाईंनी सगळं परत पहिल्यापासून तपासलं, पण काही सापडेना.

त्याच आठवड्यात दुपारी गोदूबाई आणि सुंदराबाई भाकरीची पुरचुंडी सोडून जेवायला बसल्या. बाहेर पाऊस कोसळत होता. जेवता जेवता गोदूबाईचं लक्ष गेलं. सुंदराबाई डाव्या हाताने घास घेत होती.

"सुंदरा, डाव्या हाताने का जेवतेस गो?"

"उजव्याला चटका बसलाय. इस्त्रीचा."

"बघू."

"काय नाय गो. जेव तू."

"दाखव म्हणते ना."

सुंदराबाईने पदराखालचा हात काढला. तर्जनीला चिंधी गुंडाळलेली. ती सोडली तर खाली नखुरडं, नखाच्या कडेने बोट टम्म सुजलेलं आणि त्यात पिवळा पू. चिंधी ओली होती.

गोदूबाईने ते बोट उजेडाकडे धरलं. "किती दिवस झाले?"

"लई दिवस. बरं होतं नि परत फुगतं."

"आणि ह्याच हाताने घड्या घालतेस? लंगोटाच्या?"

सुंदराबाईला तोवर हे सुचलंच नव्हतं. तिने हातातली भाकरी खाली ठेवली. "माझ्यामुळं झालं काय गो त्या पोरांना?"

"सांगितलं का नायस मला?"

"सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, घरी बस. घरी बसले तर चूल कशी पेटायची?"

गोदूबाईच्या तोंडाशी आलेला राग तिथेच विरला. आपण हिच्या जागी असतो तर आपणही चिंधीच बांधली असती, हे तिला लख्ख दिसलं. तिने ताट बाजूला सारलं, छत्री घेतली आणि सुंदराबाईला दंडाला धरून दवाखान्यात नेलं.

कालिंदीबाईंनी नखुरडं फोडून पू काढला, औषध दिलं. त्या पुवाचा आणि बाळाच्या फोडातल्या पुवाचा नमुना पुण्याला पाठवला. उत्तर आलं की दोन्हींत जंतू एकाच जातीचा आहे. सुंदराबाई ते ऐकून परत रडायला लागली. कालिंदीबाईंनी तिला समोर बसवलं. "ऐका. हा जंतू पुष्कळांच्या हातावर, नाकात असतो. माझ्या नर्सकडून गेला असेल, माझ्याकडूनही गेला असेल. तुमच्याकडूनच गेला असं मी छातीठोक सांगणार नाही. पण पू असलेला हात बाळाच्या कापडाला लागता कामा नये, हे नक्की. तो कुणाचाही असो." त्यांनी त्याच दिवशी नर्स, आया, सगळ्यांचे हात बघितले. काय झालं असावं ते बाळांच्या आईबापांना आपल्या तोंडाने सांगितलं. तो ओरडणारा बाप सुरुवातीला घुश्शातच होता. बाळाचा ताप उतरून ते दूध ओढायला लागल्यावर निवळला. सगळी बाळं बरी झाली.

गोदूबाईने शेडमध्ये आल्यावर सांगितलं, "आजपासून हाताला काय झालं, खरूज, फोड, चिरलं, भाजलं, तर लगेच बोलायचं. घडीला बसायचं नाय, पण कामावरनं काढायची नाय. भट्टीचं सरपण बघायचं, हिशेबाला बसायचं, कायबी. पगार चालू. लपवलंत तर मातर मी बोलणार."

आणि मग रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी हात दाखवायची रीत पडली. आधी गोदूबाई स्वतःचे दोन्ही हात पुढे करायची, पालथे-उलथे. सुंदराबाई ते डोळे बारीक करून, मोठ्या ऐटीत तपासायची. "नख वाढलंय गो तुझं. काप जा." मालकिणीला असं सांगायला मिळतं म्हणून तिला त्यात फार मजा वाटे.

शेडच्या मधोमध भिंत घातली. रस्त्याकडच्या दाराने मळकं यायचं, शेताकडच्या दाराने धुतलेलं जायचं. मधे नळ आणि साबण. ह्या बाजूचं माणूस हात धुतल्याशिवाय, झगा बदलल्याशिवाय त्या बाजूला जायचं नाही. काम वाढलं तसं आणखी बाया आल्या. डॉक्टरबाईंनी त्यांना जंतू, संसर्ग असं समजावून सांगितलं, त्यांनी माना डोलावल्या आणि दुसऱ्या दिवशी परत मळकं गाठोडं इस्त्रीच्या टेबलावर ठेवलं. तेव्हा गोदूबाई म्हणाली, "हे बघा. गौरी-गणपतीला सोवळ्यात रांधता का नाय? नैवेद्याच्या पातेल्याला खरकटा हात लावाल?"

"नाय बा!"

"मग तेच. त्या भिंतीपल्याड सोवळं. फकत ह्या सोवळ्यात जात नाय, विटाळ नाय. कुणीबी या. हात धुवा, झगा बदला, झालं."

त्यानंतर कुणी चुकलं नाही. चुकलंच तर दुसरी ओरडे, "ओवळ्यानं कुठं चाललीस?" कालिंदीबाईंना हे फार आवडलं. त्या आपल्या नर्सनाही तसंच सांगायला लागल्या. काविळीची लस मिळायला लागली तेव्हा त्यांनी शेडमधल्या सगळ्या बायांना ती टोचली. भिकाजीलाही टोचली, खरं तर त्याला काही गरज नव्हती, पण मला का नाही म्हणून तो रुसून बसला होता.

काही वर्षांनी गोमाजीचं हर्नियाचं ऑपरेशन महाडातच झालं, ज्या दवाखान्याचं कापड गोदूबाईकडे यायचं तिथेच. गोदूबाई डबा घेऊन गेली. गोमाजी पांढऱ्या चादरीवर उताणा पडलेला. जखम कोरडी होती, ताप नव्हता. तो बराच वेळ चादरीवरून हात फिरवत होता.

नर्सला म्हणाला, "ही चादर कुणी धुतली?"

"ह्यांनीच की," नर्स म्हणाली. "आमचं सगळं कापड गोदूबाईंकडेच असतं."

गोमाजीने मान गोदूबाईकडे वळवली. मग पहिल्यांदाच भावजयीशी थेट बोलला. "खळ जास्त झाली. पाठीला टोचते."

गोदूबाईने हसू दाबलं. "दादा, हास्पिटलच्या चादरीला खळ नसते. नवी चादर हाय ती, म्हणून कडक. दोन भट्ट्या झाल्या की मऊ येईल."

"हं," गोमाजी म्हणाला. "मग येऊ दे." डब्यातली भाकरी त्याने सगळी संपवली. त्या वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी थोरल्या जावेचा निरोप आला, उकडीला तूच ये, माझी फाटते. तो निरोप कुणाच्या सांगण्यावरून आला हे दोघींनाही माहीत होतं. 

दोन हजार पाच सालच्या महापुरात शेडमध्ये पुरुषभर पाणी शिरलं. माळ्यावर ठेवलेली पांढऱ्या फडक्यातली गाठोडी वरून कोरडी दिसत होती, पण खालच्या फळ्यांना गढूळ पाणी शिवून गेलं होतं. दवाखान्यात माणसं दाटलेली, चादरींची चणचण. दवाखान्यातून माणूस आला, "वरच्या वरच्या द्या तेवढ्या." गोदूबाईने एकही दिली नाही. सरपण भिजलेलं होतं, म्हणून मालोजीने कारखान्यातल्या मित्राकडून रॉकेलचे मोठे स्टोव्ह आणले, हंडा रस्त्याच्या कडेला मांडला आणि सगळ्या बायांनी मिळून ते सगळं कापड परत उकळलं. दासगावात सुंदराबाईच्या ओळखीची माणसं दरडीखाली गेली होती. ती रडत होती आणि उकळत्या हंड्यात लाकडी दांडा फिरवत होती. कुणी तिला थांब म्हटलं नाही. ती थांबलीही नसती. वाळली तशा चादरी दवाखान्यात गेल्या. ते दिवस गोदूबाई अजूनही फारसे सांगत नाही.

नंतर शेड उंचावर, पक्की झाली. आता तिथे वाफेचं मोठं यंत्र आहे आणि पिळून कोरडं करणारं दुसरं. पोलादपूरला लहानसं केंद्र आहे, ते सुंदराबाई चालवते आणि तिथल्या बायांवर गोदूबाईपेक्षा जास्त ओरडते. समीक्षा बी.एस्सी. होऊन अलिबागला शाळेत शिकवते.

मालोजी निवृत्त झाला आणि घरात बसून कंटाळला. गोदूबाईने त्याला धुतलेल्या बाजूला घेतलं. तो हात धुतो, झगा घालतो आणि चादरीच्या घड्या घालायला बसतो. आयुष्यभर यंत्राचे व्हॉल्व्ह फिरवलेला माणूस, त्याला चादरीची चार टोकं जुळवता येत नाहीत.

"अशी नाय, अशी," गोदूबाई दुसरं टोक धरून सांगते.

"तशीच तर घातली."

"ही घडी हाय का पतंग?"

बाया हसतात. मालोजीही हसतो आणि चादर परत उलगडतो. दोघं समोरासमोर उभे राहून ती ताणतात, एकमेकांकडे चालत येतात, टोकाला टोक लावतात. शेताकडच्या दारातून ऊन आत आलेलं असतं. तो चहाला गेला की गोदूबाई त्याच्या चळतीतल्या वाकड्या घड्या हळूच सरळ करून ठेवते आणि तो परत आला की म्हणते, "बघा, जमायला लागलं तुमाला."

"मग," मालोजी म्हणतो, आणि पुढची चादर उचलतो.